सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड लावूनही शॉर्टकोडमध्ये एक्सएसएस कसा उरतो?

मुद्रितशोधक (प्रश्न)

वर्डप्रेसच्या एका छोट्या प्लगिनबद्दल विचारायचं आहे. लेखाच्या मध्ये सुविचाराची रंगीत चौकट टाकणारा एकच शॉर्टकोड (लेखात चौकोनी कंसात लिहायची छोटी खूण) त्यात आहे. अ‍ॅट्रिब्यूट्स चार: कलर, लिंक, टायटल आणि टॅग (शीर्षक एच२ हवं की एच३, त्यासाठी). प्लगिन वर्डप्रेसच्या अधिकृत यादीत आहे. मुख्यतः मासिकांच्या साइट ते वापरतात, आणि तिथे बाहेरच्या लेखकांना कॉन्ट्रिब्युटर भूमिकेचं खातं दिलेलं असतं.

सुरक्षा तपासणाऱ्या एका संस्थेची मेल आली आहे: कॉन्ट्रिब्युटर किंवा वरच्या भूमिकेतून स्टोअर्ड एक्सएसएस (साइटवर साठवलेली परकी स्क्रिप्ट दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालणं), तीव्रता दहापैकी ६.४. ज्या ओळींवर बोट ठेवलंय त्या अशा (फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत):

$कलर = सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड( $अ‍ॅट्स['कलर'] );
रिटर्न '<डिव्ह क्लास="चौकट ' . $कलर . '">' . $मजकूर . '</डिव्ह>';

तीन गोष्टी कळत नाहीत. स्क्रिप्ट टॅग टाकून पाहिला तर तो निघून जातो, मग फट कुठे आहे? कॉन्ट्रिब्युटरला काहीच प्रकाशित करता येत नाही, तर धोका कुणाला? आणि वर्डप्रेसचे नियम लावून पीएचपीसीएस (कोड तपासणारं साधन) चालवलं, तर या फाइलमध्ये एकही इशारा येत नाही. हे कसं?

---

कंसपूर्ण

मेल बरोबर आहे. क्रमाने घेऊ.

सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड टॅग काढतं, ओळी तोडणारी चिन्हं आणि जादा मोकळ्या जागा काढतं, टक्केचिन्हाने सुरू होणारे एन्कोड केलेले बाइट काढतं. अवतरणचिन्हांना ते हातही लावत नाही. तुमचं आउटपुट पडतंय ते क्लासच्या दुहेरी अवतरणांच्या आत, आणि तिथून बाहेर पडायला टॅग लागतच नाही, एक दुहेरी अवतरण पुरतं. शॉर्टकोडमध्ये अ‍ॅट्रिब्यूटची किंमत एकेरी अवतरणातही लिहिता येते, त्यामुळे आत दुहेरी अवतरण बिनदिक्कत बसतं:

[सुविचार कलर='लाल" ऑनमाउसओव्हर="अलर्ट(१)']

तुमच्या कोडमधून जाऊन पानावर उतरतं ते असं:

<डिव्ह क्लास="चौकट लाल" ऑनमाउसओव्हर="अलर्ट(१)">

क्लास तिथेच बंद झाला आणि पुढे एक नवं इव्हेंट अ‍ॅट्रिब्यूट उगवलं. ‘माउस चौकटीवर नेला तरच चालेल ना’ असं समजून सोडू नका. त्याच जागेत स्टाइलही घुसवता येते आणि चौकट पूर्ण पडदाभर पसरवता येते.

कॉन्ट्रिब्युटरकडे अनफिल्टर्ड_एचटीएमएल ही परवानगी नसते, म्हणून त्याचा लेख साठवताना वर्डप्रेस केसेसची (नको ते एचटीएमएल काढणारी) चाळणी लावतं. पण वरच्या शॉर्टकोडमध्ये कोनी कंस नाहीत, म्हणजे चाळणीच्या दृष्टीने तो साधा मजकूर. तो तसाच डेटाबेसमध्ये जातो. त्याचं एचटीएमएल होतं ते नंतर, पान दाखवताना, तुमच्या फंक्शनच्या हातून. तिथे वर्डप्रेसची कोणतीही चाळणी उरलेली नसते. जबाबदारी तुमची एकट्याची.

आता कॉन्ट्रिब्युटरला प्रकाशित करता येत नाही हा मुद्दा. उलट हाच धोक्याचा रस्ता आहे. लेख ‘तपासणीसाठी’ म्हणून येतो, संपादक किंवा प्रशासक लॉगिन असतानाच त्याचं पूर्वदृश्य उघडतो आणि स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या अधिकाराने चालते. वर्डप्रेसच्या लॉगिन कुकीज एचटीटीपी-ओन्ली असतात, त्यामुळे जावास्क्रिप्टला त्या वाचता येत नाहीत. हल्लेखोराला त्यांची गरजही नसते. स्क्रिप्ट त्याच साइटवर चालत असल्याने ती ‘नवा वापरकर्ता’ हे पान पाठीमागे मागवते, त्यातला नॉन्स (फॉर्मसोबत जाणारा गुप्त संकेत) उचलते आणि प्रशासकाचं नवं खातं तयार करणारा फॉर्म पाठवते. नॉन्स दुसऱ्या साइटवरून आलेल्या बनावट विनंत्या अडवतो. एक्सएसएस घराच्या आतूनच बोलतो, तिथे नॉन्स काही करू शकत नाही.

पीएचपीसीएस गप्प का, तर एस्केपआउटपुट हा नियम इको, प्रिंट अशा थेट छापणाऱ्या जागा पाहतो. शॉर्टकोड मजकूर रिटर्न करतो, छापत नाही. म्हणून नियमाला ती ओळ दिसतच नाही. वर्डप्रेसच्या ‘प्लगिन चेक’ या साधनाची तपासणीही याच नियमावर उभी आहे. शॉर्टकोड आणि ब्लॉकचे रेंडर कॉलबॅक हाताने वाचावे लागतात, त्याला दुसरा उपाय नाही.

६.४ या अंकाबद्दल थोडं. कमी अधिकाराचं का होईना, पण लॉगिन लागतं, म्हणून तो इतका आहे. लॉगिनशिवाय साठवता आलं असतं तर हेच प्रकरण ७.२ धरलं गेलं असतं.

---

सातारा_डेव्ह

दुरुस्तीचं मी सांगतो. किंमत आत कुठून येते यापेक्षा ती कुठे पडते ते बघा. चारही अ‍ॅट्रिब्यूट्सची पडण्याची जागा वेगळी, म्हणून औषधही वेगळं.

कलर: मुळात पाच-सहाच रंग असतील, तर मोकळी किंमत घेऊच नका. परवानगीच्या रंगांची यादी ठेवा आणि इन_अ‍ॅरे तिसरा पॅरामीटर ट्रू देऊन तपासा. यादीत नसेल तर ठरलेला रंग. तरी छापताना एस्क_अ‍ॅट्र लावाच, कारण उद्या कुणीतरी यादीचा नियम सैल करेल.

लिंक: इथे एस्क_अ‍ॅट्र पुरत नाही. ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणाऱ्या पत्त्यात अवतरणचिन्ह नसलं तरी चालतं, आणि एस्क_अ‍ॅट्र तो जसाच्या तसा जाऊ देतं. एस्क_यूआरएल प्रोटोकॉल तपासतं आणि परवानगी नसलेला असेल तर रिकामी स्ट्रिंग देतं. एचरेफ आणि एसआरसी दोन्हींसाठी तेच.

टायटल: टॅगच्या मधला मजकूर, म्हणून एस्क_एचटीएमएल. चौकटीच्या आतल्या मजकुरात ठळक-तिरपं चालू द्यायचं असेल तर डब्ल्यूपी_केसेस_पोस्ट. पण डब्ल्यूपी_केसेस_पोस्ट अ‍ॅट्रिब्यूटच्या आत वापरू नका. ते अवतरणं तशीच ठेवतं, म्हणजे तुम्ही आज आहात तिथेच परत याल.

टॅग: चारही अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये ही जागा सर्वात दुर्लक्षित, आणि मेलमध्ये तिचा उल्लेख नसला तरी ती उघडी आहे. ‘<’च्या लगेच पुढे वापरकर्त्याची किंमत छापत असाल तर कुठलंही एस्केप फंक्शन वाचवत नाही, कारण ‘स्क्रिप्ट’ या शब्दात एस्केप करण्याजोगं काही नाहीच. टॅग म्हणून ‘स्क्रिप्ट’ आणि टायटल म्हणून जावास्क्रिप्टची एक ओळ दिली की काम झालं. टायटलला एस्क_एचटीएमएल असलं तरी कंस आणि अक्षरं शाबूत राहतात. एलिमेंटॉर या पानं रचण्याच्या प्लगिनमध्ये २०२१ साली सापडलेली त्रुटी नेमकी अशीच होती: शीर्षकाचा टॅग निवडण्याची यादी फक्त ब्राउझरमध्ये दिसत होती, सर्व्हरवर कुणी तपासत नव्हतं. त्यामागोमाग एलिमेंटॉरची जोडपत्रं बनवणाऱ्या अनेक प्लगिनमध्ये हाच नमुना निघाला. तुम्ही एच२, एच३, एच४, पी एवढ्यांचीच यादी ठेवा.

आणखी एक सवय: जिथे किंमत छापता त्याच ओळीत एस्केप करा. फंक्शनच्या सुरुवातीला ‘सगळं साफ केलं’ म्हणून पुढे निर्धास्त राहिलं, की सहा महिन्यांनी मधे एक ओळ वाढते आणि कोणती किंमत साफ, कोणती नाही हे वाचणाऱ्याला कळेनासं होतं. सॅनिटाइझ हे साठवण्यासाठी, एस्केप हे दाखवण्यासाठी. दोन्ही लागतात, एकाच्या बदली दुसरं चालत नाही.

हे फक्त नवख्या प्लगिनचं दुखणं आहे असं वाटून घेऊ नका. २० एप्रिल २०१५ ला जेटपॅक, योस्टचं एसइओ प्लगिन, ऑल इन वन एसइओ यांच्यासह बऱ्याच मोठ्या प्लगिननी एकाच दिवशी, ठरवून दुरुस्त आवृत्त्या काढल्या. कारण एकच: अ‍ॅड_क्वेरी_आर्ग आणि रिमूव्ह_क्वेरी_आर्ग ही फंक्शन्स पत्ता एस्केप करून देतात असा सगळ्यांचा समज होता. ती तसं करत नाहीत. पत्ता दिला नाही तर ती चालू विनंतीचाच पत्ता घेतात, म्हणजे समोरच्याने लिंकमध्ये जे लिहिलं ते थेट पानावर. त्यांच्याभोवती छापताना एस्क_यूआरएल, आणि रीडायरेक्टसाठी एस्क_यूआरएल_रॉ, हे तेव्हापासून पाठ असावं.

---

मुद्रितशोधक

टॅगचं लक्षातच आलं नव्हतं, आणि हो, तो ‘<’च्या पुढेच छापला जातो. चारही ठिकाणं बदलतो आहे. बदल केल्यावर खरंच फट बुजली हे कसं तपासायचं? इन्स्पेक्टमध्ये मला अजूनही साधंच दुहेरी अवतरण दिसतंय.

---

कंसपूर्ण

इन्स्पेक्टमध्ये बघू नका. तिथे ब्राउझरने वाचून उलगडलेली रचना दिसते आणि एस्केप केलेलं अवतरण पुन्हा अवतरण म्हणूनच दाखवलं जातं. कंट्रोल-यू दाबून पानाचा मूळ स्रोत बघा. तिथे दुहेरी अवतरणाच्या जागी अँपरसँड, मग ‘क्वॉट’ आणि अर्धविराम असं दिसलं पाहिजे.

चाचणीला अलर्ट लागत नाही. सहज शोधता येईल असा शब्द आणि त्यापुढे तीन चिन्हं पुरतात:

चाचणी७७"<>

हीच स्ट्रिंग एकेरी अवतरणांत घालून चारही अ‍ॅट्रिब्यूट्समध्ये टाका, स्रोतात ‘चाचणी७७’ शोधा आणि जितक्या ठिकाणी सापडेल तितक्या ठिकाणी पुढची चिन्हं कशी उतरली ते बघा. बरेचदा आपण विसरलेली पाचवी जागा तिथे सापडते: ऑल्ट, एआरआयए-लेबल, डेटा-अ‍ॅट्रिब्यूट. यादीने बांधलेल्या कलर आणि टॅगमध्ये ती दिसायलाच नको. लिंकसाठी ‘जावास्क्रिप्ट:’ने सुरू होणारा पत्ता वेगळा तपासा, एचरेफ रिकामा आला पाहिजे. हे सगळं चाचणी-साइटवर, कॉन्ट्रिब्युटरच्या खात्यातून करा. प्रशासकाच्या खात्यातून केलं तर अनफिल्टर्ड_एचटीएमएलमुळे निकाल चुकीचा समजेल.

---

लॉगवाचक

मी साइट चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहितो, कारण तुमचं प्लगिन वापरणाऱ्या मासिकांना हेच लागणार आहे.

अपडेट लांबवू नका हे नुसतं म्हणून पटत नाही, म्हणून दोन उदाहरणं. अ‍ॅडव्हान्स्ड कस्टम फील्ड्स या प्लगिनमधला रिफ्लेक्टेड (न साठवता लिंकमधून येणारा) एक्सएसएस मे २०२३ मध्ये ६.१.६ आवृत्तीत दुरुस्त झाला. लिंकमधली एक किंमत प्रशासन-पानाच्या बॉडी क्लासमध्ये एस्केप न होता जात होती, म्हणजे तुमच्या ‘कलर’चीच थोरली बहीण. तपशील जाहीर झाल्यावर २४ तासांच्या आत तोच नमुना घेऊन साइट चाचपणं सुरू झाल्याची नोंद अकामाई या इंटरनेट-सेवा कंपनीने केली. दुसरं लाइटस्पीड कॅशे या प्लगिनचं. तिथे लॉगिनशिवाय आलेला मजकूर प्रशासकाला दिसणाऱ्या सूचनेत एस्केप न करता छापला जात होता. ऑक्टोबर २०२३ मध्ये ५.७.०.१ आवृत्तीत दुरुस्ती आली, फेब्रुवारी २०२४ मध्ये तपशील जाहीर झाला, आणि त्याच वसंतात अपडेट न केलेल्या साइटवर ‘डब्ल्यूपीसप-यूजर’ आणि ‘डब्ल्यूपी-कॉन्फिगयूजर’ नावाचे प्रशासक उगवायला लागले. दुरुस्ती हातात असूनही काही महिने ती लावलेली नव्हती.

साइटवर आधीच काही झालं असेल अशी शंका असेल तर पहिला नियम: त्या साइटच्या डॅशबोर्डमध्ये प्रशासक म्हणून लॉगिन करू नका. साठवलेली स्क्रिप्ट तुमचीच वाट बघत असते. एसएसएच करून (सर्व्हरला दुरून जोडून) डब्ल्यूपी-सीएलआयने, म्हणजे वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाने, काम करा.

आधी डेटाबेस आणि फाइलींची जशी आहे तशी प्रत काढून बाजूला ठेवा. मग ‘डब्ल्यूपी डीबी सर्च’ने स्क्रिप्ट टॅग, ऑनएरर, ऑनमाउसओव्हर, ऑनफोकस, इव्हॅल, एटूबी आणि फ्रॉमकॅरकोड शोधा. पोस्ट्सचा तक्ता पाहून थांबू नका, ऑप्शन्स, पोस्टमेटा आणि कॉमेंट्सही. लाइटस्पीडच्या प्रकरणात घुसवलेला मजकूर ऑप्शन्समध्येच, त्या प्लगिनच्या सूचनांच्या नोंदीत बसलेला असायचा. सापडलेल्या लेखांच्या जुन्या आवृत्त्याही काढा. नाहीतर कुणी ‘मागची आवृत्ती परत आणा’ केलं की सगळं पुन्हा जिवंत.

मग प्रशासकांची यादी. ‘डब्ल्यूपी यूजर लिस्ट’ला भूमिका प्रशासक द्या, पण सोबत स्किप-प्लगिन्स आणि स्किप-थीम्स लावा, कारण घुसलेला कोड स्वतःचं खातं यादीतून लपवतो. स्किप-प्लगिन्स लावलं तरी एमयू-प्लगिन्स (आपोआप चालू होणाऱ्या प्लगिनच्या) फोल्डरमधल्या फाइली चालतातच, म्हणून तो फोल्डर आधी उघडून बघा. तरी खात्री नसेल तर यूजरमेटा तक्त्यात कॅपेबिलिटीज ही की थेट एसक्यूएलने वाचा.

अनोळखी खाती काढल्यावर ‘डब्ल्यूपी कॉन्फिग शफल-सॉल्ट्स’ चालवा, लॉगिनच्या गुप्त किल्ल्या बदलतात. सगळे लॉगिन एका झटक्यात तुटतात. पासवर्ड बदलले तरी अ‍ॅप्लिकेशन पासवर्ड (बाहेरच्या साधनांना दिलेले) वेगळे राहतात. वर्डप्रेस ५.६ पासून ते आहेत आणि साफसफाईत हमखास विसरले जातात. ‘व्हेरिफाय-चेकसम्स’ (फाइली मूळ प्रतीशी ताडणारी आज्ञा) कोअरसाठी आणि प्लगिनसाठी दोन्ही चालवा. विकत घेतलेल्या, अधिकृत यादीबाहेरच्या प्लगिनना ते लागू पडत नाही, ते नव्याने उतरवून बसवा. ‘डब्ल्यूपी क्रॉन इव्हेंट लिस्ट’ (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बघा. शेवटी पानांचा कॅशे रिकामा करा. डेटाबेस स्वच्छ झाला तरी कॅशेतलं जुनं एचटीएमएल वाचकांना तीच स्क्रिप्ट देत राहतं.

पुढच्यासाठी: डब्ल्यूपी-कॉन्फिगमध्ये डिसअलाऊ_फाइल_एडिट ट्रू ठेवा, म्हणजे प्रशासकाचं सत्र हाताला लागलं तरी डॅशबोर्डमधून थीमच्या फाइलीत पीएचपी घुसवता येत नाही. मात्र प्लगिन चढवणं त्याने बंद होत नाही, त्यासाठी डिसअलाऊ_फाइल_मॉड्स लागतं, आणि ते लावलं की डॅशबोर्डमधून अपडेटही बंद होतात. अपडेट सीएलआयने करायची शिस्त असेल तरच ते लावा. आणि बाहेरून आलेले लेख वाचायला संपादकांना प्रशासकाचं खातं देऊ नका. मासिकांत हे सर्रास दिसतं.

---

उकार

मराठी साइट आहेत म्हणून वेगळं सांगावंसं वाटतं. ‘एस्केप केलं की मराठी अक्षरं फुटतात’ या भीतीने लोक एस्केप काढून टाकतात. एस्क_एचटीएमएल आणि एस्क_अ‍ॅट्र देवनागरीला काहीही करत नाहीत. ती फक्त कोनी कंस, अँपरसँड आणि अवतरणं बदलतात. अक्षरं जातात ती दुसरीकडे.

सॅनिटाइझ_की आणि सॅनिटाइझ_एचटीएमएल_क्लास फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर ठेवतात. ‘निळा’ असा रंग दिला तर रिकामं परत येतं. रंगांची नावं मराठीत ठेवायची असतील तर यादीत मराठी नावासमोर इंग्रजी क्लास लिहा आणि छापताना क्लासच छापा. सुरक्षाही त्यातच आली.

सॅनिटाइझ_टेक्स्ट_फील्ड टक्केचिन्ह असलेले बाइट काढतं हे वर आलंच आहे. मराठी स्लग (पत्त्यातलं लेखाचं नाव) असलेला पत्ता कॉपी केला की तो टक्केचिन्हांनीच भरलेला येतो. लिंकला हे फंक्शन लावलंत तर पत्त्याचा मराठी भाग पूर्ण गळून पडतो आणि दुवा भलत्याच पानावर जातो. साठवताना सॅनिटाइझ_यूआरएल, छापताना एस्क_यूआरएल.

तिसरं, डब्ल्यूपी_जेसन_एन्कोड मराठी अक्षरांचं बॅकस्लॅश-यू आणि चार आकडे असं रूप करतं. ते अपडेट_पोस्ट_मेटाने साठवलं की वर्डप्रेस बॅकस्लॅश काढतं आणि पानावर ‘यू०९३८यू०९४१’ असा कचरा उरतो. साठवण्याआधी डब्ल्यूपी_स्लॅश लावा.

---

मुद्रितशोधक

रंगांची यादी मराठी-इंग्रजी जोडीने केली. चाचणी७७ स्रोतात एकूण सात ठिकाणी सापडली. सातवी जागा ‘कॉपी करा’ बटणावरची: डेटा-मजकूर या अ‍ॅट्रिब्यूटमध्ये सुविचार ठेवतो, क्लिक केल्यावर जेक्वेरीने तो छोट्या खिडकीत दाखवतो. तिथे एस्क_अ‍ॅट्र आहे आणि स्रोतात अवतरणं नीट बदललेली दिसतात. म्हणजे ती सुरक्षित धरू ना?

---

सातारा_डेव्ह

जावास्क्रिप्टची ओळ बघितल्याशिवाय धरू नका. खिडकीत टाकताना .एचटीएमएल() वापरत असाल तर उघडी आहे.

एस्क_अ‍ॅट्र अ‍ॅट्रिब्यूटपुरतं काम करतं. ब्राउझर पान वाचतो तेव्हा बदललेली चिन्हं पुन्हा मूळ रूपात येतात, म्हणून .डेटा() किंवा गेटअ‍ॅट्रिब्यूटने वाचलेली किंमत कोनी कंसांसकट मूळचीच असते. ती .एचटीएमएल()मध्ये गेली की इमेज टॅग आणि ऑनएरर चालतो. सर्व्हरच्या बाजूला सगळं चोख असूनही. चित्रांखालची ओळ डेटा-कॅप्शनमधून उचलणाऱ्या गॅलरी-प्लगिनमध्ये ही चूक वारंवार निघते. .टेक्स्ट() करा, जेक्वेरीशिवाय असेल तर टेक्स्टकंटेंट. सुविचारात ठळक-तिरपं हवंच असेल तर लपवलेल्या डिव्हमध्ये डब्ल्यूपी_केसेस_पोस्टने छापून तो डिव्हच खिडकीत हलवा.

तीच फाइल उघडली आहे तर .अपेंड(), .प्रीपेंड(), .आफ्टर() आणि इनरएचटीएमएलही शोधून घ्या.

नवी आवृत्ती काढताना रीडमीतला स्टेबल टॅग बदलायला विसरू नका. तो जुनाच राहिला तर दुरुस्ती यादीत चढते, पण कुणाच्याही डॅशबोर्डवर अपडेट दिसत नाही. बदलांच्या नोंदीत ‘किरकोळ सुधारणा’ न लिहिता ‘सुरक्षा दुरुस्ती: शॉर्टकोडमधील स्टोअर्ड एक्सएसएस’ असं स्पष्ट लिहा, साइटवाले ती ओळ वाचूनच घाई करतात. मेल पाठवणाऱ्या संस्थेला आवृत्ती क्रमांक लगेच कळवा. उत्तर न दिल्यास प्लगिन यादीतून बंद होऊ शकतं, आणि बंद झालेल्या प्लगिनबद्दल ते आधीच बसवलेल्या साइटना वर्डप्रेस काहीही कळवत नाही.

---

मुद्रितशोधक

.एचटीएमएल() होतं. .टेक्स्ट() केलं. त्याच फाइलमध्ये एक .अपेंड()ही निघालं, टायटल जोडणारं, तेही बदललं. कॉन्ट्रिब्युटरच्या खात्यातून पुन्हा सगळं फिरवलं: सातही ठिकाणी चिन्हं बदललेली, खिडकीत कोनी कंस अक्षरशः दिसतात, जावास्क्रिप्टचा पत्ता दिला तर एचरेफ रिकामा. स्टेबल टॅग बदलून आवृत्ती चढवली आहे आणि संस्थेला क्रमांक कळवला आहे.